धूर नसलेली सतरा घरं

४ नोव्हेंबर, सोमवार

नर्सबाईंनी आज दोन वह्या दिल्या. एक निळी, रकाने पाडलेली, कामाची. दुसरी कोरी. "ही कशाला?" विचारलं तर म्हणाल्या, "पहिली भरली की लागेल." मला माझा इतिहास माहीत आहे. कुठल्याही नोकरीत माझी पहिली वही भरलेली नाही. म्हणून दुसरी आजच सुरू केली, निदान वाया तरी जायला नको.

तर नोकरी लागली! आठ महिन्यांत पाचवी. गाड्या धुतल्या, पाव भाजले, गोदामात खोकी चिकटवली, एका म्हाताऱ्याची मांजरं सांभाळली. मांजरांचं काम सगळ्यात छान होतं. त्यातली एक तिरळी होती, ती माझ्याकडे बघतेय की भिंतीकडे ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते असो. पायाला भिंगरी आहे म्हणून ताई मला भिंगरी म्हणायची, आता अख्खी बिल्डिंग म्हणते.

काम असं. आमच्या बिल्डिंगीत पाच मजले, वीस घरं, त्यातली सतरा आपल्या लोकांची. आपल्या म्हणजे तिकडून इथे आलेल्या. दवाखान्याला हवं आहे की या घरांमध्ये कोणी आत बसून सिगारेट ओढू नये. मी दारोदार जायचं, समजवायचं, निळ्या वहीत लिहायचं आणि घर कबूल झालं की दारावर हिरवं स्टिकर लावायचं: 'आमच्या घरात धूर नाही'. आपली भाषा बोलणारा आणि दिवसभर मोकळा, असा माणूस त्यांना हवा होता. दोन्ही गुण असलेला मी एकटाच निघालो.

एक गोष्ट मात्र खटकते. नर्सबाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतः ओढता का?" मी म्हणालो, "नाही." रोजच्या दहा-अकरा होतात. पण भाऊजी शेजारच्या खुर्चीवर बसले होते, सोबत म्हणून आले होते. ताईच्या नवऱ्यासमोर कोण हो म्हणेल?

हे काम मला मनापासून करायचंय, कारण वाटाणा. ताईची मुलगी, चार वर्षांची. जन्मली तेव्हा तेवढीच होती म्हणून वाटाणा. मागच्या थंडीपासून तिची छाती वाजते, झोपेत शिट्टी फुंकल्यासारखी. दोनदा हॉस्पिटलात ठेवावं लागलं. ताईने आज कपड्यांच्या घड्या घालता घालता, अगदी भाजी आणायची आहे म्हणावं तसं सांगितलं, "ही थंडी पण अशीच गेली तर तिला आईकडे पाठवणार. तिकडे हवा कोरडी आहे. मोठी झाली की परत आणू."

मोठी म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी सातची वेळ मी डोकं चालवून निवडली. सगळे घरी असतात, एका फेरीत अख्खं कुटुंब सापडतं. दोन दिवसांत सतरा घरं उरकली.

निकाल ऐकून मी थक्क झालो. सतराच्या सतरा घरांत कोणी ओढतच नाही!

तिसऱ्या मजल्यावर शिंपीकाका. त्यांचं कपडे लहानमोठे करून देण्याचं दुकान आहे. त्यांचे वडील, म्हणजे सगळ्यांचे आजोबा, हीटरजवळच्या खुर्चीत बसले होते.

"काका, घरात कोणी सिगारेट ओढतं का?"

काकांनी आधी आजोबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आमच्या घरात? छे छे!"

आजोबा म्हणाले, "आमच्याकडे ती पद्धतच नाही." काकू आत चहा ठेवत होत्या, त्यांना तिथे जोराचा ठसका लागला. चहाची पावडर नाकात गेली असणार.

दुसऱ्या मजल्यावरच्या बसवाल्या भाऊंनी आईसमोर हात जोडून सांगितलं, "नाव काढू नकोस." आता हेच भाऊ बस स्टॉपवर माझ्याकडून लायटर मागून घेतात. पण ते बाहेर. घरात नाही म्हणाले, म्हणजे घरात नसतील. चौथ्यावर दोघे भाऊ राहतात, पॅकिंगला जाणारे. धाकट्याने थोरल्याकडे बघत मान हलवली, थोरल्याने त्याच्याकडे बघत.

नर्सबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "सतराही?" आणि बराच वेळ निळी वही चाळत बसल्या. त्यांना वाटत होतं निम्म्या घरांत तरी ओढत असतील. आपल्या लोकांबद्दल बाहेरच्यांचे काय काय समज असतात!

९ नोव्हेंबर, शनिवार

शिंपीकाकांनी जिन्यात गाठलं. आधी वर बघितलं, खाली बघितलं, मग कुजबुजले, "भिंगऱ्या, तुझ्या त्या स्टिकरने माझी पंचाईत केली रे."

काका सकाळी उठल्यावर एक ओढतात, म्हणे. घरात नाही, तसं घरातच, पण स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून, तोंड बाहेर काढून, बाबा उठायच्या आत. ती खिडकी अंगणाकडे उघडते. आता दारावर स्टिकर आणि खिडकीतून धूर, म्हणजे लोक हसणार. खाली उतरावं तर तीन मजले, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि जिन्यात कोणी विचारलं कुठे निघालात, तर काय सांगायचं?

मला लगेच सुचलं. अशा गोष्टी मला लगेच सुचतात, शाळेत हेच गुण कोणी मोजले नाहीत.

"काका, बाथरूमात जा. पंखा लावा. दाराखाली टॉवेल. धूर सगळा पंखा खेचून घेतो."

"आणि जातो कुठे?"

"भिंतीतून वर जातो."

"वर म्हणजे?"

"वर म्हणजे वर, आकाशात. आणखी कुठे जाणार?"

काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मलाही हायसं वाटलं. घरात धूर नाही, स्टिकर खोटं नाही, काका खूश. साप मेला आणि काठीही वाचली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

माझी युक्ती बिल्डिंगीत पसरली आहे. बसवाले भाऊ म्हणाले, "तू तर इंजिनियर निघालास." पहिल्या मजल्यावरच्या लॉन्ड्रीतल्या मावशींनी हातात बिस्किटाचा पुडा कोंबला आणि का ते सांगितलं नाही.

दुपारी चौथ्यावरच्या भावांकडे पत्ते खेळलो. त्यांच्याकडे आता शिस्त आहे. एकेकाने बाथरूमात जायचं, पंखा लावायचा, यायचं. मीही दोनदा जाऊन आलो. पंखा छान आहे, धूर असा सर्रकन जाळीत जातो की बघत राहावं. आमच्या घरातला पंखा उन्हाळ्यापासून बंद आहे. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. आमच्या बिल्डिंगीला लिफ्ट नाही आणि आमच्या पंख्याला भाऊजी नाहीत. "बघतो" म्हणतात.

वाटाणा दोन दिवस सकाळी खोकते आहे. ताईला लोकरीच्या पांघरुणाचा संशय आहे, ते धुऊन टाकलं. मी डाव जिंकला असता, पण राजा कोणाकडे आहे ते विसरलो.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी साडेसहाला ताईची हाक. तशी हाक मी कधी ऐकली नव्हती.

वाटाणा पलंगावर बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे कानापर्यंत. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता. ताईने श्वासाचा पंप दिला, नळीतून चार वेळा, मग आणखी चार. काही फरक नाही. भाऊजी पहाटेच्या पाळीला गेलेले. मी तिला जाकिटात गुंडाळून पाच मजले उतरलो. बसवाले भाऊ कामावर निघालेच होते, त्यांनी गाडी काढली. वाटाणा माझ्या कानाशी म्हणाली, "मामा, हळू पळ." मी नाही हळू पळालो.

तिथे वाफ दिली, ऑक्सिजन लावला. दुपारी ओठांना रंग आला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणी धूम्रपान करतं?"

ताई नाही म्हणाली. मी छाती पुढे काढून म्हणालो, "अख्ख्या बिल्डिंगीत नाही. दारादारावर स्टिकर आहे."

डॉक्टर म्हणाले, "मग काय असेल?" हे आपण त्यांना विचारायचं असतं.

२० नोव्हेंबर, बुधवार

वाटाणा घरी आली. ताईने आईला फोन केला. पंधरा डिसेंबर. भाऊजी घेऊन जाणार, ठेवून येणार.

माझा लायटर त्या धावपळीत हरवला. बस स्टॉपवर आज बसवाल्या भाऊंकडे काडी मागताना लाज वाटली, म्हणून दुसऱ्या माणसाकडे मागितली. तो दक्षिणेकडे फळं पॅक करायला निघाला होता, म्हणाला माणसं हवी आहेत, चल. तिकडे समुद्र आहे, म्हणे. मी खोटं कशाला लिहू, मन गेलं. वाटाणा जाणार त्या दिवशी घरात नसावं असंही वाटलं. त्याचा नंबर घेतला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

नर्सबाईंनी काल एक यंत्र दिलं, विटेएवढं. हवेतले बारीक कण मोजतं. पंचवीसच्या आत आकडा म्हणजे ठीक. प्रत्येक घरात एक दिवस ठेवायचं. आधी आमच्याच घरात ठेवलं, म्हणजे ठेवायचं होतं वाटाण्याच्या खोलीत, पण दात घासताना हातात होतं आणि बाथरूमच्या फळीवर विसरलो. सकाळी ते स्वतःच नोंदी दाखवतं. रात्री आकडा बारा. पहाटे आकडा दहा. साडेसहाला एकशे ऐंशी. सातला दोनशे तीस!

बिघडलेलं यंत्र दिलं म्हणून परत द्यायला गेलो. नर्सबाई म्हणाल्या, "यंत्राला खोटं बोलून काय मिळणार?"

मग एकच शक्यता उरली. भाऊजी. बरोबर आहे, पहाटे उठतात, एकटे असतात. सुपारीचं खांडही न खाणारा माणूस, पण म्हणतात ना, दिसतं तसं नसतं. त्यांच्या जाकिटाचा वास घेताना ताईने पकडलं. "काय करतोयस?" मी म्हणालो धुवायला टाकू का. ताई म्हणाली, "आधी स्वतःचं टाक."

२४ नोव्हेंबर, रविवार

ओढणारे भाऊजी नाहीत.

सुट्टी म्हणून भाऊजी झोपलेले. मी सव्वासहाला यंत्र घेऊन बाथरूमात जाऊन बसलो, दार लावून, उलट्या बादलीवर. आकडा तेरा. पावणेसातला वरच्या जाळीतून, जिथे आमचा बंद पंखा आहे तिथून, घुर्र आवाज आला, कुठल्यातरी खालच्या पंख्याचा. मग कोणीतरी घसा खाकरला. शिंपीकाका! इतकं स्पष्ट की मी जवळजवळ "बोला काका" म्हणालो असतो. मग वास. मग माझ्या डोळ्यांसमोर आमच्या मेलेल्या पंख्याच्या पात्यांमधून धूर आत उतरला. आरामात, पाहुण्यासारखा. आकडा नव्वद.

खाली दार वाजलं. आजोबांचा आवाज, "किती वेळ रे?" "झालंच बाबा." दार उघडलं, लागलं. आता आजोबा आंघोळ करतील म्हणून मी उठणार, तोच काडी ओढल्याचा आवाज. आणि पुन्हा धूर! लेक बाहेर, बाप आत. मला इतकं हसू आलं की टॉवेल तोंडात धरला.

मग यंत्राकडे नजर गेली. दोनशे चाळीस.

आणि भिंतीपलीकडे वाटाणा खोकली. तिचा पलंग त्याच भिंतीला लागून आहे.

आकाशात नाही जात. आमच्याकडे येतो. पहिल्याचा, दुसऱ्याचा, तिसऱ्याचा, चौथ्याचा, सगळा एकाच भिंतीतून वर, आणि वर आम्ही. मावशींचा बिस्किटाचा पुडा, भावांची शिस्त, सगळ्याला एकच वाट, आणि ती वाट दाखवली मी. त्या दुपारी पत्ते खेळताना दोनदा जाऊन आलो, तो धूर तर माझाच.

बादलीवर बराच वेळ बसून होतो. खूप वाईट वाटलं, आणि लिहायला विचित्र वाटतं, पण थोडं सुटल्यासारखंही वाटलं. पोरीच्या छातीत काही भलतंसलतं नाही. शत्रू सापडला. त्याचं तोंड ओळखीचं निघालं, एवढंच.

२५ नोव्हेंबर, सोमवार

खाली एकेकाला गाठून सांगितलं. सगळ्यांना वाटाण्याबद्दल हळहळ वाटली आणि सगळ्यांनी दुसऱ्याकडे बोट केलं. बसवाले भाऊ म्हणाले, तो चौथ्यावरचा धाकटा, धुरांडं आहे नुसतं. चौथ्यावरचा धाकटा म्हणाला, मी काय, मी दिवसाला दोन, तेही दादाला कळलं तर मारेल. मावशी म्हणाल्या, मी बाई आहे रे. म्हटलं, मावशी, धुराला ते कळत नाही. शिंपीकाका तर हातच जोडून उभे. "काहीही कर, पण बाबांच्या कानावर घालू नकोस. या वयात त्यांना धक्का बसेल."

बाबांचं मी काही बोललो नाही. माझ्याकडे आता बिल्डिंगीची इतकी गुपितं आहेत की चालताना खुळखुळतात.

२७ नोव्हेंबर, बुधवार

नर्सबाईंना सगळं सांगून टाकलं. पंख्याची युक्ती माझी, हे. मी ओढतो, हेही. निळी वही टेबलावर ठेवली, म्हणजे काढून टाकलं तर लगेच निघता येईल.

त्यांनी विचारलं, "लोकांना तुम्ही कोणासमोर विचारलंत?"

"सगळ्यांसमोर. सातला सगळे घरी असतात ना."

"वडिलांसमोर?"

"हो. आई, वडील, थोरला भाऊ..." आणि बोलता बोलता माझंच तोंड उघडं राहिलं. आपल्यात बापाला ठाऊक असतं, लेकाला ठाऊक असतं की बापाला ठाऊक आहे, पण समोर कोणी ओढत नाही आणि समोर कोणी कबूल होत नाही. हे मला कोणी शिकवायला हवं होतं का? मी त्यातच वाढलोय.

"आणि तुम्ही माझ्याशी खोटं का बोललात?"

"भाऊजी बसले होते."

त्या इतक्या हसल्या की कपातला चहा निळ्या वहीवर सांडला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "वही खराब झाली. नवीन देते. पुन्हा सगळं पहिल्यापासून विचारा, पण एकेकट्याला." कामावरून काढलं नाही. जिना उतरताना मी गात होतो, एका बाईने वळून बघितलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

ताईला सांगितलं. ताई काही बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ताट वाढलं, समोर ठेवलं आणि आत गेली. पण शनिवारी सगळ्यांना चहाला बोलवू का, विचारलं तर आतून "बोलव" म्हणाली.

३० नोव्हेंबर, शनिवार

आमच्या भिंतीवरची चारही घरं आली. आजोबा दोन मजले चढून आले, प्रत्येक वळणावर थांबत. पलंग, खुर्च्या, उलटी बादली, सगळं भरलं. वाटाणा आतल्या खोलीत चित्र रंगवत होती.

मी उभा राहिलो. भाषण तयार केलं होतं, ते पहिल्या वाक्यालाच पळालं. मग भाऊजींकडे बघून म्हटलं, "भाऊजी, मी सिगारेट ओढतो. चार वर्षं झाली."

भाऊजी म्हणाले, "पाच. बस."

सगळे हसले आणि मी बसलो. पण बसूनच सांगितलं. यंत्र दाखवलं, सकाळचे आकडे वाचले, भिंत दाखवली, बाथरूमची जाळी दाखवली, युक्ती कोणाची ते सांगितलं. कोणी कोणाकडे बघेना. सगळे चहात बघत होते, जसा काही त्यात आकडा लिहिलाय.

मग ताई बोलली. ती दारात उभी होती, हातात रिकामा ट्रे. "कोणाला दोष देत नाही. माझी पोर पंधरा तारखेला जातेच आहे. तोवर पंधरा दिवस फक्त सकाळचं बंद ठेवा. तेवढे दिवस तिला आपल्या घरी नीट झोपू दे."

मावशींनी कप खाली ठेवला.

आजोबांनी काठी आपटली. "एक सकाळी, एक संध्याकाळी. बाथरूमात. पन्नास वर्षांची सवय आहे. सांगून टाकतो."

शिंपीकाका ताडकन उठले. "बाबा! तुम्ही?"

"ओरडू नकोस. तुझ्यानंतर मी जायचो. वास आधीच असायचा, कोणाला कळायचा प्रश्न नव्हता."

"आणि मला वाटायचं, हा वास चौथ्यावरून येतो!"

काकू म्हणाल्या, "आणि मला वाटायचं मला मूल नाही. दोन दोन निघाली."

मग काय, झाकलेल्या सगळ्या मुठी उघडल्या. बसवाल्या भाऊंची आई म्हणाली, अरे, तुझे खिसे बावीस वर्षं मीच धुते. चौथ्यावरचा थोरला धाकट्याला म्हणाला, मारत नाही, पण माझ्या पाकिटातली घेऊ नकोस. मावशींनी हात वर केला, तर कोणालाच आश्चर्य वाटलं नाही, त्यामुळे त्या जरा रुसल्या.

पण मग खरा प्रश्न आला. घरात नाही, म्हणजे खाली अंगणात. अंगण एक. बाप आणि लेक शेजारी उभे राहून ओढणार? शिंपीकाका म्हणाले, "मला नाही जमणार. त्यापेक्षा सोडतो."

"सोड," आजोबा म्हणाले. "चांगलंच आहे. पण उद्या सकाळी साडेसहाला काय करशील ते बोल."

शेवटी आजोबांनीच तोडगा काढला. अंगणात कपडे वाळवायची भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे, सायकलींच्या छपराखाली, थोरले. पलीकडे धाकटे. मावशींना दोन्हीकडे मुभा. भिंतीवरून कोणी डोकावायचं नाही. आणि जिन्यात कोणी कोणाला "कुठे निघालात" विचारायचं नाही.

"आणि पंधरा दिवस नाही," आजोबा ताईला म्हणाले. "कायमचं. पोर इथे असो, नसो."

ताईने ट्रे तोंडापुढे धरला आणि आत गेली.

सगळे गेल्यावर भाऊजींनी स्टूल घेतलं, पंखा काढला, जाळीच्या मागे झडप बसवली. दहा मिनिटं लागली. मग स्टुलावरच बसून राहिले. "दहा मिनिटांचं काम होतं," म्हणाले. मी खाली पडलेले स्क्रू गोळा केले. त्या घरात त्या वेळी आम्ही दोघं सारखेच होतो.

२ डिसेंबर, सोमवार

काल सकाळी सातला आकडा सतरा. आज पावणेसातला अचानक सत्तर. झडपेतूनही थोडा येतोच. चौथ्यावरचा धाकटा, सवयीने. मी खाली पळालो, तर आजोबा आधीच एक मजला चढून त्याच्या दारावर काठी वाजवत होते. "बाहेर ये, धुरांड्या!" पोरगा टॉवेलवर बाहेर आला.

ताई आज माझ्याशी बोलली. म्हणाली, "मीठ दे."

७ डिसेंबर, शनिवार

सतराही स्टिकरं मी स्वतः खरवडून काढली. नखं हिरवी झाली. मग नव्या वहीत पुन्हा पहिल्यापासून. बायकांना दुपारी, पुरुषांना कामावर, बस डेपोत, काकांना दुकानात कात्री चालू असताना. अकरा घरांत ओढतात! नर्सबाई म्हणाल्या, "अकरा. आता सुरुवात झाली." त्यातली सात खाली उतरायला तयार आहेत. बाकीच्या चारांपैकी एका घरी पुढच्या शनिवारी पुन्हा बोलावलंय, म्हणून फळं पॅक करणाऱ्याचा फोन आला तेव्हा सांगितलं, आत्ता नाही जमणार.

माझ्या रोजच्या अकरावरून चार झाल्या. काही मोठेपणा नाही, पाच मजले आहेत. शिंपीकाकांनी तर सोडलीच. भिंतीपलीकडे उभे राहिले की आजोबांचा खोकला ऐकू येतो आणि ओढवत नाही, म्हणाले.

आकडे: अकरा, चौदा, नऊ, बारा, दहा.

११ डिसेंबर, बुधवार

डॉक्टरांनी वाटाण्याची छाती तपासली, पुढून, मागून. नळी कानाला, डोळे मिटून. "स्वच्छ आहे," म्हणाले. पंप चालू ठेवा, महिन्याने दाखवा. हवा बदलायची काही गरज आज तरी दिसत नाही.

येताना बसमध्ये ताई खिडकीबाहेर बघत होती. पंधरा तारखेचं मी विचारलं नाही. भाऊजींनीही नाही. वाटाण्याची छोटी बॅग अजून कपाटाजवळ आहे, भरलेली. मी आज घरात दोनदा तिला अडखळलो.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळचे साडेआठ. वाटाणा अजून झोपलेली. आठवडाभर अशीच झोपते, तोंड उघडं, एक पाय पांघरुणाबाहेर. मी चहा घेत होतो. ताईने आईला फोन लावला.

"आई, ती येत नाही."

तिकडे आई तयारीत होती. आईने खोलीला रंग दिला होता. परवाच म्हणाली होती की पोरीचा हात पोचेल अशी कपड्यांची खुंटी खाली ठोकून घेतली.

मग आई म्हणाली, "बरं झालं गं." फोन स्पीकरवर होता, आवाज हसरा होता आणि ओलाही होता. "पण खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको सांगूस. श्वास नीट आहे ना तिचा?"

ताईने फोन उचलला. ती आत गेली, मी मागे. पलंगाशी गुडघ्यांवर बसली आणि फोन वाटाण्याच्या तोंडाजवळ, उशीवर ठेवला. आम्ही दोघं हललोही नाही. पांघरूण वर जात होतं, खाली येत होतं.

थोड्या वेळाने फोनमधून आई म्हणाली, "अगं, काहीच ऐकू येत नाही."

"तेच ऐकवतेय," ताई म्हणाली.